परिसरापुरत्या व्यवसायाची सोशल मीडियावर पैसे देऊन जाहिरात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांचं गिऱ्हाईक आसपासच्या काही किलोमीटरांतूनच येतं, अशा व्यावसायिकांसाठी ही उत्तरं आहेत. सलून, दवाखाना, व्यायामशाळा, शिकवणी, चष्म्याचं दुकान, सायकलदुरुस्ती, असे सगळेच त्यात आले. उत्तरं मुख्यतः फेसबुक आणि इन्स्टाग्राम धरून दिली आहेत, कारण दोन्हींची मालक कंपनी मेटा आहे, दोन्हींच्या जाहिराती तिच्या एकाच ॲड्स मॅनेजरमधून (जाहिराती बनवायच्या आणि सांभाळायच्या साधनातून) चालतात आणि बहुतेक जण सुरुवात तिथूनच करतात.

### पोस्ट फुकट टाकता येते, मग पैसे कशाला द्यायचे?

फुकटची पोस्ट मुख्यतः तुमच्या फॉलोअर्सपुरती राहते, आणि त्यांच्यापैकीही थोड्यांनाच दिसते. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने जाहीर केलं, की फीडमध्ये मित्रमंडळी आणि कुटुंबीयांच्या पोस्टना प्राधान्य मिळेल. व्यवसायांच्या पेजची पोहोच त्याआधीच घटत होती, त्यानंतर आणखी घटली. रील अचानक उचलली गेली तर हजारो लोक बघतात, हे खरं. पण त्यातले निम्मे दुसऱ्या टोकाच्या शहरात राहत असतील तर सलूनच्या खुर्चीत येऊन कोण बसणार?

पैसे देऊन मिळते ती एकच खात्रीची गोष्ट: तुम्ही ठरवलेल्या परिसरातल्या लोकांच्या नजरेस पडणं. पुढचं सगळं तुमच्या हातात असतं.

### माझ्या धंद्याला अशी जाहिरात लागतेच का?

लागतेच असं नाही. रात्री नळ फुटला की माणूस इन्स्टाग्राम उघडत नाही, तो गुगलवर शोधतो. कुलूप उघडून देणारे, प्लंबर, टोइंगवाले अशा तातडीच्या सेवांनी आधी गुगल मॅपवरची आपली नोंद नीट करावी: वेळा, फोन, फोटो, ग्राहकांचे अभिप्राय. ती नोंद फुकट होते, आणि नेमकी गरज पडलेला माणूस तिथेच येतो.

सोशल मीडियावरचा माणूस काही शोधत नसतो, वेळ घालवत असतो. त्यामुळे तिथे चालतात त्या गोष्टी दोन प्रकारच्या: बघताक्षणी आवडणाऱ्या (केशरचना, घराची सजावट, टॅटू) आणि 'करायचं आहे, पण राहून जातंय' अशा (दात साफ करून घेणं, व्यायामाला जाणं, मुलाला पोहायला घालणं). तुमचं काम यांपैकी कशातच बसत नसेल तर जाहिरातीने फक्त ओळख वाढेल, फोन लगेच वाजणार नाहीत. हे आधी माहीत असलेलं बरं.

### जाहिरात सुरू करण्याआधी काय तयारी हवी?

अनोळखी माणूस म्हणून आपलं पेज एकदा उघडून बघा. पत्ता चालू आहे का? वेळा बरोबर आहेत का? शेवटची पोस्ट मागच्या वर्षीची तर नाही? जाहिरात बघून बरेच जण आधी नावावर टिचकी मारून पेज पाहतात. ते ओसाड दिसलं तर माघारी फिरतात, आणि हे नुकसान कुठल्याच आकड्यात दिसत नाही.

### 'बूस्ट' बटण पुरेसं आहे, की ॲड्स मॅनेजर शिकावं?

ॲड्स मॅनेजर शिका. पहिल्या दिवशी डोकं गरगरेल, पण रचना साधी आहे. वर कॅम्पेन, त्यात ॲड सेट, त्यात जाहिरात. कॅम्पेनमध्ये उद्दिष्ट ठरतं, ॲड सेटमध्ये कुणाला, कुठे आणि केव्हा दाखवायचं ते ठरतं. बजेट या दोन्हींपैकी एका पातळीवर लावता येतं. जाहिरात म्हणजे प्रत्यक्ष दिसणारा फोटो, व्हिडिओ आणि मजकूर.

बूस्ट म्हणजे आधीच टाकलेल्या पोस्टवरचं बटण दाबून तीच पोस्ट पैसे देऊन दाखवणं. त्यात यातले बरेच निर्णय तुमच्या वतीने घेतले जातात आणि मग लाइक देणारी माणसं मिळतात. एखाद्या कार्यक्रमाची तारीख परिसरात पोहोचवायची असेल तर बूस्ट ठीक आहे. रोजच्या धंद्यासाठी नाही.

आणखी एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. आयफोनवरच्या फेसबुक किंवा इन्स्टाग्राम ॲपमधून बूस्ट केलं तर ॲपलचं ३० टक्के सेवाशुल्क वर लागू शकतं. २०२४ मध्ये याची सुरुवात अमेरिकेत झाली, मग इतर देशांचा नंबर लागला. तेच काम ब्राउझरमधून केलं तर हे शुल्क लागत नाही.

### कॅम्पेनचं उद्दिष्ट कोणतं निवडावं?

मेटामध्ये सध्या सहा उद्दिष्टं आहेत: ओळख, ट्रॅफिक, एंगेजमेंट, लीड्स (इच्छुकांची नावं-नंबर), ॲपचा प्रचार आणि विक्री. इथे चूक झाली तर पुढे कितीही मेहनत घेतली तरी भरून निघत नाही, म्हणून जरा थांबून विचार करा.

ही यंत्रणा अक्षरशः सांगितलेलंच करते. 'ट्रॅफिक' म्हणालात तर ती तुमच्या परिसरातले असे लोक शोधते, ज्यांना लिंक दिसली की दाबायची सवय आहे. त्यांना तुमच्याकडे यायचं आहे की नाही, हा प्रश्न तुम्ही विचारलेलाच नाही. 'एंगेजमेंट'मध्ये पोस्टवरच्या प्रतिक्रिया निवडल्या तर सगळ्यांच्या पोस्टवर बदाम टाकत फिरणारी मंडळी मिळतात. खर्च स्वस्त दिसतो, आकडे छान दिसतात, गल्ला तसाच राहतो.

परिसरातल्या बहुतेक सेवा व्यवसायांना दोनच गोष्टी उपयोगी पडतात: मेसेज आणणारी जाहिरात (व्हॉट्सॲप, मेसेंजर किंवा इन्स्टाग्रामच्या इनबॉक्समध्ये) आणि लीड फॉर्म (जाहिरातीवर टिचकी मारली की तिथेच उघडणारा, नाव आणि फोन विचारणारा फॉर्म). अपॉइंटमेंट किंवा विक्री वेबसाइटवर होत असेल, आणि तिथे मेटाचं पिक्सेल (वेबसाइटवर लोक काय करतात ते मेटाला कळवणारा छोटा कोड) नीट बसवलेलं असेल, तरच विक्रीच्या उद्दिष्टाकडे वळा. नवं दुकान उघडताना 'ओळख' काही दिवस चालवायला हरकत नाही, एवढंच.

### किती किलोमीटरच्या परिसरात दाखवावी?

शहराचं नाव टाइप करून पुढे जाऊ नका. नाव निवडलं की सगळं शहर येतं, आणि भोवतीचा पट्टाही आपोआप जोडला जातो. त्याऐवजी नकाशावर आपल्या दुकानाच्या जागी पिन टाका आणि वर्तुळ लहान करत न्या. पिनभोवतीचं वर्तुळ अगदी एक-दोन किलोमीटरपर्यंत खाली आणता येतं.

आता त्या वर्तुळाकडे नीट बघा. ते सरळ रेषेत मोजलेलं असतं, रस्त्याने नाही. मधून नदी गेली असेल आणि पूल लांब असेल तर पलीकडचा माणूस तीन किलोमीटरवर दिसतो, पण त्याला यायला अर्धा तास लागतो. रेल्वेमार्ग किंवा हमरस्ता आडवा असेल तरी तेच. मग त्या बाजूला दुसरी पिन टाकून तो भाग वगळा, तशी सोय आहे. उलट एखादी वसाहत लांब आहे, पण तिथून सरळ रस्ता आहे आणि गाडी लावायला जागाही आहे, तर तिथे वेगळी पिन टाकून तो भाग घ्या. चार-पाच लहान वर्तुळांचा वेडावाकडा आकार एका मोठ्या गोलापेक्षा बहुतेक वेळा चांगला.

आकार ठरवायला सगळ्यात खरा पुरावा तुमच्याकडेच आहे: आत्ताचे ग्राहक कुठून येतात? शेवटच्या शंभर पावत्यांवरचे किंवा नोंदवहीतले पत्ते घेऊन नकाशावर खुणा करा. केस कापायला माणूस फार लांब जात नाही. दातांच्या तारांसाठी जातो, लग्नाच्या फोटोग्राफरसाठी तर शहराच्या दुसऱ्या टोकालाही जातो. जितकी वस्तू किंवा सेवा क्वचित लागणारी, तितका परिसर मोठा धरा.

मेटाच्या ठिकाण-निवडीत त्या भागात राहणारे आणि नुकतेच तिथे येऊन गेलेले, असे दोन्ही लोक धरले जातात. त्यामुळे 'मी तर लांब राहतो' असा मेसेज कधीतरी येणारच. तो यंत्रणेचा बिघाड नाही. शिवाय कदाचित त्याचं ऑफिस तुमच्या शेजारी असेल!

### वय, आवडीनिवडी, छंद असं बारीक टार्गेटिंग करावं का?

परिसर लहान असेल तर नको. पाच किलोमीटरच्या आत मोजकेच लोक असतात. त्यात पुन्हा 'फिटनेसची आवड', 'नुकतंच लग्न झालेले' अशा चाळण्या लावल्या तर उरतं काय? शिवाय या आवडीनिवडी यंत्रणेने माणसाच्या वागण्यावरून लावलेले अंदाज असतात. वयाची खरीखुरी मर्यादा असेल तर ती घाला, बाकी मोकळं सोडा. कुणी थांबून बघावं आणि कुणी पुढे सरकावं हे काम फोटो आणि पहिल्या ओळीवर सोपवा.

काही चाळण्या मुळातच बंद आहेत. आरोग्य, धर्म, राजकीय मतं, लैंगिक कल अशा नाजूक विषयांवरचे पर्याय मेटाने जानेवारी २०२२ मध्ये काढून टाकले. अठरा वर्षांखालच्यांना फक्त वय आणि ठिकाण यांवरून जाहिरात दाखवता येते. त्यामुळे शिकवणीवाल्यांनी मुलांपेक्षा पालकांना उद्देशून जाहिरात करावी. फी तेच भरतात. घर, नोकरी आणि कर्ज यांच्या जाहिराती विशेष गटात मोडतात आणि त्यांच्यावर बऱ्याच देशांत जास्त बंधनं आहेत.

### बजेट किती ठेवावं?

कुणी आकडा सांगितला तर त्याला आधी विचारा, की एका ग्राहकाकडून मला किती उरतात हे तुला माहीत आहे का? बजेटची सुरुवात तिथून होते.

समजा, एका नव्या ग्राहकाकडून वर्षभरात सगळा खर्च वजा जाता तुम्हाला १०० उरतात. (चलन कुठलंही धरा.) तो मिळवायला त्यातले २५ घालवायची तुमची तयारी आहे. आता तुमच्या अनुभवात १० चौकश्या आल्या तर ३ जण प्रत्यक्ष येतात आणि त्यातले २ ग्राहक होतात. म्हणजे एका ग्राहकामागे ५ चौकश्या. २५ ला ५ ने भागलं की एका चौकशीला जास्तीत जास्त ५ देणं परवडतं. जाहिरात चौकशीमागे ३ घेत असेल तर खुशाल वाढवा, ९ घेत असेल तर थांबा आणि काय चुकतंय ते बघा.

पहिली चाचणी निदान ५० चौकश्यांएवढी असू द्या, म्हणजे या हिशेबात २५०. चार-पाच चौकश्यांवरून निष्कर्ष काढला तर तो नशिबाचा खेळ होतो. ही रक्कम गेली तरी धंदा हलणार नाही एवढीच ती असावी. तेवढीही जड वाटत असेल तर आधी जुन्या ग्राहकांना फोन करा, त्यातून जास्त मिळेल.

दुसरी बाजू यंत्रणेची. नवी जाहिरात आधी 'लर्निंग'मध्ये असते, म्हणजे ती कुणाला दाखवावी हे यंत्रणा अजून शिकत असते. ॲड सेटमधल्या शेवटच्या मोठ्या बदलानंतर आठवड्याभरात साधारण ५० निकाल (मेसेज, लीड, जे मागितलं ते) मिळाले की ती स्थिरावते. लहान व्यवसायाला आठवड्याला ५० चौकश्या मिळणं अवघड असतं, मग 'लर्निंग लिमिटेड' असा शेरा दिसतो. त्याने घाबरून जाऊ नका. जाहिरात चालू राहते, फक्त खर्च रोज खालीवर होतो. पण म्हणूनच तुटपुंजं बजेट पाच ॲड सेटमध्ये वाटू नका. एकच ठेवा.

रोजचं बजेट ठरवलं तरी एखाद्या दिवशी जास्त पैसे गेलेले दिसतील. चांगली संधी असलेल्या दिवशी यंत्रणा जास्त वापरते आणि दुसऱ्या दिवशी कमी. आठवड्याचा खर्च रोजच्या बजेटच्या सातपटीपलीकडे जात नाही. धास्ती वाटत असेल तर खात्यालाच खर्चाची मर्यादा लावून ठेवा.

### शेजारच्याला तीच जाहिरात स्वस्त कशी पडते?

कारण जागा लिलावात विकली जाते आणि तो लिलाव फक्त बोलीवर ठरत नाही. बोली, समोरचा माणूस तुम्हाला हवी ती कृती करेल याची अंदाजे शक्यता आणि जाहिरातीचा दर्जा, या तिन्हींवरून निकाल लागतो. लोक थांबून बघतात, मेसेज करतात, 'लपवा' दाबत नाहीत, अशी जाहिरात कमी पैशांत जिंकते. सणासुदीला आणि वर्षअखेरीला मोठे ब्रँडही त्याच लिलावात उतरतात, तेव्हा सगळ्यांनाच महाग पडतं.

### जाहिरातीत नेमकं दाखवायचं काय?

तुमची जागा, तुमची माणसं, तुमचं काम. विकतच्या फोटोतली चकचकीत हसरी मंडळी लोकांना एका नजरेत कळतात. परिसरातल्या जाहिरातीचं सगळं बळ 'अरे, हे तर त्या चौकातलं!' या ओळखीत असतं. दुकानाची दर्शनी बाजू, समोरचं झाड, कोपऱ्यावरची प्रसिद्ध इमारत चौकटीत येऊ द्या.

मजकुराचं एक उदाहरण घेऊ. सायकलदुरुस्ती करणारे सहसा असं लिहितात:

'आमच्याकडे सर्व प्रकारच्या सायकलींची उत्कृष्ट व दर्जेदार सेवा वाजवी दरात मिळेल. एकदा अवश्य भेट द्या.'

यातलं एकही वाक्य खोटं नाही, पण हे सलूनवाल्याने लिहिलं तरी चाललं असतं. आता हे बघा:

'ब्रेक दाबला की चीं आवाज येतो? चेन सारखी उतरते? सकाळी सायकल सोडा, संध्याकाळी न्या. आधी तपासून खर्च सांगतो, तुम्ही हो म्हणालात तरच हात लावतो. सायकलचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा.'

दुसऱ्या मजकुरात ग्राहकाच्या कानातला आवाज आहे, किती वेळ लागेल ते आहे, मनातली भीती ('उगाच बिल फुगवतील') आहे आणि शेवटी एकच काम सांगितलं आहे. 'फोन करा, पेज लाइक करा, वेबसाइट बघा, दुकानात या' असं चार ठिकाणी पाठवलं की माणूस कुठेच जात नाही.

रूपाबद्दल थोडक्यात. स्टोरी आणि रीलसाठी उभा ९:१६ व्हिडिओ (१०८० बाय १९२० पिक्सेल), फीडसाठी ४:५ फोटो. बरेच जण आवाज बंद ठेवून बघतात, म्हणून बोललेलं पडद्यावर अक्षरांतही हवं. फोन हातात धरून घेतलेला व्हिडिओ चालतो, नुसता थरथरता आणि अंधारा नको. फोटोवर २० टक्क्यांपेक्षा जास्त मजकूर चालत नाही, हा नियम २०२० मध्येच गेला, तरी अजून कुणी ना कुणी तो सांगत असतं. अर्थात फोटोवर सगळं माहितीपत्रक छापलं तर कोणी वाचत नाही, हे नियम नसतानाही खरंच आहे.

गाजलेलं गाणं लावू नका. रीलमध्ये साध्या वापरासाठी मिळणारी बरीच गाणी जाहिरातीत वापरायची परवानगी नसते. मेटाच्या साउंड कलेक्शनमधलं संगीत घ्या, त्याचे हक्क मोकळे असतात.

### सूट द्यायलाच हवी का?

नाही. सततच्या सवलतीने सवलतीपुरतेच लोक येतात. पहिल्या भेटीतली धास्ती कमी करणारं काहीतरी द्या: फुकट तपासणी, एक दिवसाचा चाचणी वर्ग, 'पटलं नाही तर पैसे नाहीत'.

### मेसेज भरपूर येतात, पण प्रत्यक्ष कोणी येत नाही. जाहिरात खराब आहे का?

बहुतेक वेळा जाहिरातीने आपलं काम केलेलं असतं. गळती त्यानंतर आहे.

तुमचा इनबॉक्स उघडा आणि शेवटची वीस संभाषणं सलग वाचा. साधारण असं दिसेल: दुपारी सव्वाबाराला 'किंमत?' असा मेसेज. संध्याकाळी सातला तुमचं उत्तर: 'नमस्कार, कृपया आमच्या नंबरवर संपर्क साधा.' पुढे शांतता. त्या माणसाला विचारायची इच्छा झाली तेव्हा तो जेवणाच्या सुट्टीत होता. सातला तो तुम्हाला विसरून गेला, आणि तुम्ही त्यालाच आणखी एक काम दिलंत.

जमलं तर दहा-पंधरा मिनिटांत उत्तर द्या. ते शक्य नसेल तर जाहिरात ॲड शेड्युलिंगने दुकान उघडं असतानाच चालवा (त्यासाठी बहुधा रोजच्या बजेटऐवजी एकूण बजेट निवडावं लागतं). 'किंमत?' या प्रश्नाला किंमत सांगा, निदान 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' असं तरी. आकडा लपवला की महाग असणार असं लोक धरून चालतात. आणि उत्तराच्या शेवटी दोन वेळा पुढे ठेवा: 'उद्या सकाळी अकरा की संध्याकाळी सहा?' या दोनपैकी एक निवडणं सोपं असतं, 'कधीही या' म्हटलं की कोणीच येत नाही.

लीड फॉर्मचं दुखणं वेगळं आहे. त्यात नाव आणि फोन आपोआप भरलेले असतात, म्हणून लोक दोन टिचक्यांत फॉर्म पाठवतात आणि फोन केला की 'मी कुठे भरला?' म्हणतात. फॉर्मचा प्रकार 'अधिक संख्या'ऐवजी 'अधिक उत्सुकता' ठेवा, म्हणजे पाठवण्याआधी पुन्हा एकदा तपासायला सांगितलं जातं. एक प्रश्न असा घाला, ज्याचं उत्तर स्वतः टाइप करावं लागेल. लीड्स कमी होतील, पण फोन उचलणारे मिळतील. ही माहिती मेटावरून ९० दिवसांपर्यंतच उतरवून घेता येते, तेव्हा दर आठवड्याला वहीत किंवा शीटमध्ये काढून ठेवा.

### जाहिरातीचा खरंच उपयोग होतोय हे कसं ओळखायचं?

काउंटरवर विचारा. 'आमच्याबद्दल कुठे कळलं?' हा प्रश्न प्रत्येक नव्या ग्राहकाला विचारायचा आणि उत्तर त्याच क्षणी लिहायचं. संध्याकाळी आठवून लिहिलेलं धरायचं नाही. जाहिरातीत एखादा शब्द द्या, 'हा शब्द सांगा, तपासणी मोफत', म्हणजे मोजणं आणखी सोपं होतं.

ॲड्स मॅनेजरचे आकडे उपयोगाचे आहेत, पण ते काय मोजतात हे समजून घ्या. नेहमीच्या मांडणीत जाहिरातीवर टिचकी मारल्यापासून सात दिवसांत, किंवा ती नुसती दिसल्यापासून एका दिवसात, काही झालं तर त्याचं श्रेय जाहिरातीला जातं. म्हणजे तसंही येणारा माणूस जाहिरातीच्या खात्यावर जमा होऊ शकतो. उलट एप्रिल २०२१ मध्ये आयओएस १४.५ आल्यापासून आयफोनवर ॲप्सना माग काढण्याआधी परवानगी विचारावी लागते, आणि पुष्कळ लोक ती नाकारतात. त्यामुळे काही खरे ग्राहक मोजलेच जात नाहीत. दुकानात चालत आलेला माणूस तर तुम्ही नोंदवल्याशिवाय कुठेच दिसत नाही.

रोजच्या नजरेसाठी तीन आकडे पुरतात: एका चौकशीमागचा खर्च, लिंकवरच्या टिचक्यांचं प्रमाण आणि फ्रीक्वेन्सी, म्हणजे एका माणसाला जाहिरात सरासरी किती वेळा दिसली. छोट्या परिसरात फ्रीक्वेन्सी भराभर चढते. ती वाढतेय आणि सोबत चौकशीचा खर्चही वाढतोय, तर लोक कंटाळले आहेत. टार्गेटिंगला हात लावू नका, फोटो बदला. लाइक्स बघायच्या असतील तर बघा, निर्णय त्यावर घेऊ नका.

### रोज थोडे बदल केले तर जाहिरात सुधारेल ना?

बिघडेल. प्रत्येक मोठ्या बदलाला शिकणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. निदान आठवडाभर हात बांधून बसा. किंमत किंवा पत्ता चुकीचा छापला गेला असेल तर अर्थातच लगेच दुरुस्त करा.

### प्रतिस्पर्धी काय चालवतात ते बघता येतं का?

हो, आणि फुकट. मेटाच्या ॲड लायब्ररीत पेजचं नाव टाका, सध्या चालू असलेल्या जाहिराती दिसतात. सुरू झाल्याची तारीखही दिसते. एखादी जाहिरात कित्येक महिने चालू असेल तर तिच्यातून काहीतरी मिळत असणार, असा अंदाज बांधता येतो. दुसऱ्या शहरातल्या तुमच्याच व्यवसायाच्या पेजेसही तिथे बघा, जास्त शिकायला मिळतं.

### जुन्या ग्राहकांचे फोन नंबर जाहिरातीसाठी वापरता येतात का?

त्यांनी तशी संमती दिली असेल, आणि तुमच्या देशातला माहिती-संरक्षणाचा कायदा परवानगी देत असेल, तर येतात. यादी चढवताना नंबर सांकेतिक रूपात बदलले जातात आणि मेटा ते आपल्या खात्यांशी जुळवून बघतं. विकत घेतलेली यादी मात्र कधीही वापरू नका. नियमात बसत नाही, आणि त्या लोकांना तुमच्याशी देणंघेणंही नसतं.

या यादीचा सगळ्यात चांगला उपयोग म्हणजे जे आधीच ग्राहक आहेत त्यांना 'नव्यांसाठी सवलत' या जाहिरातीतून वगळणं. जुन्या माणसाला ती दिसली की तो काउंटरवर येऊन विचारतो, 'आम्ही इतकी वर्षं येतोय, आम्हाला का नाही?' आणि त्याचं बरोबरच असतं. यादीवरून मिळतेजुळते लोक शोधता येतात, त्यासाठी एका देशातले किमान १०० जण जुळावे लागतात. पण लहान परिसरात त्याने फारसा फरक पडत नाही. लोकच थोडे असतात.

### जाहिरात नामंजूर झाली. आता?

तपासणी बहुधा २४ तासांच्या आत होते. नामंजुरीची नेहमीची कारणं ठरलेली असतात. 'तुम्ही लठ्ठ आहात का?', 'मधुमेहाने त्रस्त?' असं वाचणाऱ्याच्या अंगावर बोट रोखणारं लिहिलं की वैयक्तिक गुणधर्मांचा नियम आडवा येतो. 'मधुमेहींसाठी तपासणी शिबिर' असं लिहिलं तर चालतं. वजन किंवा सौंदर्य उपचारांतले 'आधी आणि नंतर'चे फोटो, हमखास निकालाचे दावे, हेही तसंच. कारण वाचा, मजकूर बदला आणि पुन्हा पाठवा. चूक तुमची नाही असं वाटलं तर फेरतपासणी मागा. तीच जाहिरात जशीच्या तशी पुन्हा पुन्हा टाकत बसू नका, त्याने खात्यावरच बंधनं येऊ शकतात.

### एजन्सीला काम द्यावं का?

वेळ नसेल तर द्या, पण घराची किल्ली देऊ नका. बिझनेस खातं, जाहिरात खातं, पेज आणि पिक्सेल तुमच्या नावावर असावेत आणि एजन्सीला भागीदार म्हणून प्रवेश द्यावा. पासवर्ड द्यायची गरजच पडत नाही. एजन्सीने स्वतःच्या खात्यातून जाहिराती चालवल्या, तर संबंध संपतात त्या दिवशी तुमचा सगळा इतिहास तिच्याकडे राहतो.

बोलणी करताना दोन गोष्टी विचारा. मेटाला जाणारे पैसे किती आणि तुमचे किती? आणि दर महिन्याला अहवालात काय दाखवाल? उत्तरात 'रीच' (किती जणांना दिसली) आणि 'इम्प्रेशन' (एकूण किती वेळा दिसली) हेच येत राहिले, चौकशीमागचा खर्च आलाच नाही, तर दुसरी एजन्सी बघा. ग्राहकांच्या आकड्याची 'गॅरंटी' देणाऱ्यांपासून लांब राहा. चौकशीनंतरचं काम तुमच्या हातात असताना ते ती कशी देणार?

### जाहिरातीखाली कोणी वाईट कमेंट केली तर?

शिवीगाळ लपवा. तक्रार खरी असेल तर सगळ्यांसमोर दोन ओळींत उत्तर द्या आणि मग बोलणं इनबॉक्समध्ये न्या. पैसे देऊन पोहोचवलेली जाहिरात अनोळखी लोकही बघत असतात, आणि ते तक्रारीपेक्षा तुमचं उत्तर जास्त लक्ष देऊन वाचतात.

### 'तुमचं पेज २४ तासांत बंद होणार' असा मेसेज आलाय!

लिंक उघडू नका. मेटाचं नाव आणि चिन्ह लावून कॉपीराइटभंगाची भीती घालायची आणि पासवर्ड काढून घ्यायचा, ही जुनी फसवणूक आहे. जाहिरात करणारी पेजेस ठगांना विशेष प्रिय, कारण खात्याला कार्ड जोडलेलं असतं. खरी सूचना तुमच्या खात्यातच, अकाउंट क्वालिटी किंवा सपोर्टच्या पानावर दिसते. टू-फॅक्टर सुरक्षा (पासवर्डसोबत दुसरा कोड मागणारी) सुरू करा, आणि पेजला दुसरा विश्वासू ॲडमिनही ठेवा, म्हणजे एकाचं खातं गेलं तरी दार उघडं राहतं.

### मध्ये काही दिवस बंद ठेवली तर चालेल का?

चालेल. काही वेळा बंद ठेवायलाच हवी: पुढच्या दोन आठवड्यांच्या अपॉइंटमेंट भरल्या असतील, कारागीर रजेवर असेल, मेसेजना उत्तर देणारं कोणी नसेल. मात्र सात दिवस किंवा त्याहून जास्त थांबवून पुन्हा सुरू केली तर लर्निंग नव्याने होतं, आणि पहिले काही दिवस चौकशी महाग पडते. चार-पाच दिवसांचाच प्रश्न असेल तर बंद करा आणि त्याच आठवड्यात सुरू करा. लांबची सुट्टी असेल तर परतल्यावर जुनीच जाहिरात चालू करण्याऐवजी नवा फोटो, नवा मजकूर घेऊन नवी जाहिरात करा. शिकणं नाहीतरी पहिल्यापासूनच होणार असतं.